कोठारातली विंचेस्टर, आजोबांची चारशेपाच आणि बाकीचे सवाल

प्रश्न : नमस्कार सर. आम्ही पेनसिल्व्हेनियात एक जुनं फार्महाऊस घेतलं, त्याच्या बार्नमधे माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेली एक रायफल सापडली. बॅरल अष्टकोनी आहे, वरच्या अंगाला पुढेमागे सरकणारं एक झाकण आहे, दस्त्याच्या टोकाला चंद्रकोरीसारखी लोखंडी पट्टी. बॅरलवर विंचेस्टर, न्यू हेवन असं वाचता येतं आणि त्याखाली किंग्ज इम्प्रूव्हमेंट, मग १८६६ आणि १८६० अशा दोन तारखा. म्हणजे ही १८६६ ची का? खाली एक नंबर आहे तो दोन लाखाच्या थोडा पुढचा. गोळी आत घ्यायला खालीवर करायची लिव्हर अर्धी उघडते आणि अडकते, गोळ्या भरायचं बाजूचं झाकण आत पडलंय, दस्त्याला तडा गेलाय आणि सगळीकडे तांबडा गंज. आमच्या ह्यांचं म्हणणं ड्रिलला वायर ब्रश लावून चकाचक करू आणि फायरप्लेसवर टांगू. आणखी एक, आम्ही एच-वन-बी आणि एच-फोर व्हिसावर आहोत, घरात ठेवली तर काही भानगड होईल का?
— एक वाचक, पेनसिल्व्हेनिया

उत्तर : आधी ह्यांच्या हातातला वायर ब्रश काढून घ्या, बाकीचं नंतर बोलू. गंभीरपणे सांगतोय, या रायफलींची जेवढी वाट शंभर-सव्वाशे वर्षांच्या दमट हवेने लावली नाही तेवढी एका रविवारच्या दुपारी उत्साही माणसाने लावलीये.

तारखांचं आधी मिटवू. बॅरलवरच्या तारखा पेटंटच्या असतात, बंदूक बनल्याच्या नाहीत, आणि दर दुसरा माणूस इथेच फसतो. १६ ऑक्टोबर १८६० हे बेंजामिन टायलर हेन्रीचं पेटंट, ज्याच्यावरून हेन्री रायफल आली, आणि २९ मार्च १८६६ हे नेल्सन किंगचं. किंगने काय केलं तर रिसीव्हरच्या, म्हणजे यंत्र बसतं त्या मधल्या बॉडीच्या, उजव्या बाजूला स्प्रिंगचं झाकण दिलं ज्यातून काडतुसं एकेक करून आत ढकलता येतात. त्याआधी हेन्रीमधे मॅगझिनच्या, म्हणजे बॅरलखालच्या काडतुसं साठवायच्या, नळीचं पुढचं टोक फिरवून तिकडून भरावं लागायचं आणि खाली नळीला चीर असल्यामुळे माती कचरा सगळं आत. म्हणजे तुमचं जे झाकण आत पडलंय तेच ते किंग्ज इम्प्रूव्हमेंट.

मग ही कुठली? सरकणारं झाकण, लोखंडी-पोलादी बॉडी आणि बाजूला काढता येणाऱ्या मोठ्या पट्ट्या, हे सगळं एकत्र असेल तर विंचेस्टर १८७३, किंवा तिचीच मोठी बहीण १८७६. १८७६ आकाराने चांगलीच दांडगी असते, ४५-७५ सारख्या जाड काडतुसांसाठी केलेली. १८६६ ची बॉडी पिवळी, पितळेसारखी, म्हणून तिला तिकडे यलो बॉय म्हणतात आणि तिला हे वरचं झाकण नसतंच. अंदाज करत बसायचीही गरज नाही, घोड्याच्या मागे दस्त्यात घुसणारी जी वरची पट्टी आहे, टँग म्हणतात तिला, तिच्यावर मऊ फडक्याने तेल फिरवा, मॉडेल १८७३ ही अक्षरं उठून दिसतील. नंबर खालच्या टँगवर असतो, तो तुम्ही बघितलाच आहे. दोन लाखाच्या पुढे म्हणजे १८८० च्या दशकातली. हे मॉडेल साधारण १९२० च्या सुमारापर्यंत बनत होतं आणि एकूण सात लाखांच्या वर निघाल्या, त्यामुळे तुमची दुर्मिळ आहे असं नाही पण चांगल्या काळातली आहे. वरचं झाकण ज्या रुळावर सरकतं तो रूळ वेगळा स्क्रूने लावलाय की बॉडीतूनच कोरून काढलाय ते पण बघा. तुमच्या नंबरला तो कोरलेलाच हवा, वेगळा निघाला तर दोन बंदुकांचे भाग एकत्र झालेत असं समजा, आणि शेतावरच्या बंदुकीत हे काही नवल नाही.

कॅलिबर, म्हणजे काडतुसाचं माप, तीन असू शकतात, ४४-४०, ३८-४० आणि ३२-२०. सुरुवातीला फक्त ४४ च होतं म्हणून जुन्या बंदुकांवर कॅलिबर लिहिलेलंच नसतं, दुसरं आलं तेव्हा छापायला लागले. बॅरलवर रिसीव्हरच्या जवळ बघा आणि बंदूक उलटी करून खालून जो पितळी ठोकळा दिसतो त्याच्या तळाला बघा. नाही सापडलं तर गनस्मिथ, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा कारागीर, मोजून सांगेल, तुम्ही बॅरलमधे बोट घालून अंदाज करू नका.

बरं, आता सगळ्यात महत्त्वाचं. ती भरलेली आहे असंच धरून चाला. बार्नमधल्या बंदुका अशाच भरलेल्या ठेवून माणसं वर गेलीत. या रायफलमधे गोळ्या बॅरलखालच्या नळीत एकामागे एक असतात आणि आतली स्प्रिंग गंजून अडकली असेल तर दहा वेळा लिव्हर हलवली तरी गोळी बाहेर येणार नाही पण असेल आतच. तुमची लिव्हर अडकण्याचं एक कारण हेच असू शकतं, की एक काडतूस अर्धं नळीत आणि अर्धं त्या पितळी ठोकळ्यात. आणि अडकलेल्या लिव्हरवर जोर लावायचा, ठोकायचं, पाय देऊन ओढायचं हे प्रकार करूच नका. बॅरल रिकामी आहे का ते बघायला गनस्मिथ एक लाकडी काठी तोंडातून अलगद आत सोडतो, किती आत गेली त्याची खूण करतो आणि बाहेरून धरून मापतो, काठी कमी गेली तर आत काहीतरी आहे. हे पण त्यालाच करू द्या, बॅरलच्या तोंडासमोर तुमचा हात यायलाच नको.

आता अडकण्याची बाकीची कारणं. १८७३ चं आतलं यंत्र समजायला सोपं आहे. लिव्हर खाली केली की दोन जोडसांधे गुडघ्यासारखे दुमडतात आणि बोल्ट, म्हणजे बॅरलचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, मागे येतो, लिव्हर वर घेतली की ते सांधे सरळ होतात आणि सरळ झालेला गुडघा बोल्टला मागून टेकू देतो. गोळी सुटते तेव्हा सगळा जोर या सांध्यांवर आणि त्यांच्या पिनांवर येतो. त्याच वेळी तो पितळी ठोकळा लिफ्टसारखा सरळ वर येऊन काडतूस बोल्टच्या समोर धरतो. तो सरळ वर येतो, तिरका नाही, यात गोम आहे. काडतूस लांबीला कमी पडलं तर त्याच्या मागचं काडतूस थोडं ठोकळ्यात शिरतं आणि ठोकळा वर जाताना चावतं, सगळं जॅम. कुणीतरी सत्तर वर्षांपूर्वी घरी भरलेली आखूड काडतुसं कोंबली असतील तर लिव्हर अर्ध्यात थांबणारच. नाहीतर मग वाळून चिकट झालेलं तेल, गंजलेल्या पिना, आतल्या चपट्या स्प्रिंगांपैकी एखादी तुटलेली, किंवा ठोकळा वर ढकलणाऱ्या दांडीचं टोक मोडलेलं. ही दांडी या मॉडेलमधे हमखास मोडते.

गनस्मिथने रिकामी आहे असं सांगितल्यावर काम सुरू करायचं. सगळ्या स्क्रूंच्या कडेला भेदक तेलाचा एकेक थेंब, आठवडाभर रोज, घाई नाही. जुन्या विंचेस्टरच्या स्क्रूंच्या खाचा फार अरुंद असतात आणि आपल्या घरचा स्क्रू-ड्रायव्हर टोकाला पाचरीसारखा निमुळता, तो खाचेतून वर सरकतो आणि स्क्रूचं डोकं खाऊन टाकतो. बंदुकीच्या कामाचे ड्रायव्हर वेगळे मिळतात, ज्यांचं पातं दोन्ही बाजूंनी समांतर घासलेलं असतं, तेच घ्या किंवा तेच वापरणारा माणूस शोधा. खाल्लेले स्क्रू बघितले की जाणकार माणूस पाच सेकंदात किंमत खाली आणतो. आणि स्क्रू हरवला किंवा आटा गेला तर हार्डवेअरच्या दुकानातला स्क्रू नवीन आटा पाडून बसवू नका, विंचेस्टरचे आटे त्यांचे स्वतःचे होते, बाजारातल्या मापात बसत नाहीत.

बाजूच्या पट्ट्या काढताना लोक कडेला पातं घालून उचकटतात आणि कायमचा व्रण पाडतात. दोन्ही पट्ट्या आरपार एकाच स्क्रूने धरलेल्या असतात, तो पूर्ण काढायचा नाही, चार-पाच वेढे सैल करायचा आणि त्याच्या डोक्यावर ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हळू ठोकायचं, पलीकडची पट्टी आपोआप उचलली जाते. मग दुसरी आतून ढकलायची. उजव्या पट्टीवर तुमचं पडलेलं झाकण असेल. ते झाकण म्हणजेच एक स्प्रिंग आहे, मागे स्क्रूने बसवलेली, त्यामुळे एक तर स्क्रू सैल झालाय किंवा स्प्रिंगचं पातंच तुटलंय. पहिलं असेल तर फुकटात काम झालं. तुटलं असेल तर नवीन मिळतं कारण इटलीत या बंदुकीच्या नकला आजही बनतात, पण इटालियन भाग जुन्या बंदुकीत जसाच्या तसा बसेल असं धरू नका, कानशीने घासून बसवावा लागतो, आणि घासायचं ते नव्या भागाला, जुन्या बंदुकीला नाही!!

गंजाचं सांगतो. जो तांबडा आणि बोटाला लागतो तो जिवंत गंज, तो काढायचा. जो चॉकलेटी-करडा होऊन गुळगुळीत बसलाय ती म्हातारपणाची कांती, ती ठेवायची, तिलाच लोक पैसे मोजतात. पातळ तेल लावून दोन दिवस ठेवा, मग सगळ्यात बारीक नंबरची स्टील वूल, चार शून्यांची, तेलातच भिजवून अगदी हलक्या हाताने फिरवा, फडक्याने पुसा, परत तेल. जिथे मूळ निळसर काळा रंग थोडाफार उरलाय, म्हणजे झाकणाच्या खाली, साईटच्या कोपऱ्यात, तिथे स्टील वूलसुद्धा नको, नुसतं तेल आणि फडकं. नवीन ब्लूइंग, म्हणजे रासायनिक निळसर काळा रंग, अजिबात करू नका. दुकानात थंड ब्लूइंगच्या बाटल्या मिळतात, त्यांनी बंदूक नवीन दिसत नाही, रंगवलेली दिसते.

दस्त्याला पॉलिश पेपर नको, वार्निश नको. लाकूड टँगच्या मागे काळं पडलं असेल तर ते शतकभराचं तेल मुरलंय. खडूची बारीक पांढरी पूड अॅसिटोनमधे कालवून लेप द्यायचा, वाळला की तेल त्यात ओढलं जातं आणि झटकून टाकायचा, दोन-चार वेळा करावं लागतं, उघड्यावर करा आणि आसपास आग नको. तेल निघाल्याशिवाय तडा चिकटणार नाही. मग सरस किंवा सावकाश सुकणारं इपॉक्सी तड्यात आतपर्यंत जाऊ देऊन दोरीने आवळून ठेवा. शेवटी जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात.

व्हिसाचं. अमेरिकेच्या १९६८ च्या गन कंट्रोल अॅक्टप्रमाणे १८९८ मधे किंवा त्याआधी बनलेली बंदूक अँटिक धरतात आणि फेडरल कायद्याच्या दृष्टीने ती फायरआर्म नसते. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्यांना एरवी फायरआर्म आणि काडतुसं दोन्ही बाळगायला मनाई आहे, चालू शिकारीचं लायसन्स वगैरे मोजके अपवाद सोडून. म्हणजे तुमची १८८० च्या दशकातली रायफल त्या मनाईत येत नाही पण तिच्यातून निघालेली काडतुसं येऊ शकतात, म्हणून ती घरी परत आणूच नका, गनस्मिथकडेच सोडा. राज्याचे आणि गावाचे नियम वेगळे असतात आणि इमिग्रेशनमधे छोटी चूक फार महाग पडते, तेव्हा एकदा वकिलाला विचारून त्याचं उत्तर ईमेलवर घेऊन ठेवा.

उडवायची आहे का ते तुम्ही विचारलं नाहीत, बरं केलंत. पण उद्या कुणी मित्र म्हणेल चल रेंजवर. ४४-४० मूळात ४० ग्रेन (काडतुसांच्या कामातलं छोटं वजन) काळी पावडर आणि २०० ग्रेनची गोळी अशी होती. नंतर १८९२ चं मॉडेल आलं, जॉन ब्राउनिंगच्या डोक्यातलं, फार मजबूत, आणि त्याच कॅलिबरमधे कंपन्यांनी जास्त जोराची काडतुसं काढली ज्यांच्या डब्यावर १८७३ मधे वापरू नका असं छापावं लागलं. जुने डबे अजून फिरतात. तुमच्या बंदुकीचे सांधे आणि पिना किती झिजल्यात ते गनस्मिथने मापल्याशिवाय काहीच नको, आणि मापल्यावरही मी म्हणेन फायरप्लेसच बरी. म्हणजे फायरप्लेसच्या वरही नको खरं तर, उष्णतेने लाकूड आणखी तडकेल, दुसरी भिंत बघा.

प्रश्न : डॅलसला एका गन शोमधे एक गृहस्थ १८७३ विकतायत, बॅरलवर वन ऑफ वन थाउजंड असं कोरलंय. म्हणतात आजोबांची आहे, कागद नाहीत, पण "तुम्ही इंडियन लोक चांगले वाटता" म्हणून स्वस्तात देतो. घेऊ का?
— एक वाचक, टेक्सास

उत्तर : नको.

आता कारण. विंचेस्टरने १८७५ च्या सुमारास अशी योजना काढली की चाचणीत ज्या बॅरलचा नेम सगळ्यात चांगला लागला ती वेगळी काढायची, तिला चांगलं फिनिश आणि नाजूक ट्रिगर द्यायचा, वर वन ऑफ वन थाउजंड कोरायचं आणि १०० डॉलरला विकायची. त्या काळात १०० डॉलर म्हणजे काय विचारू नका. गिऱ्हाईक मिळालं नाही आणि १८७३ या मॉडेलमधे अशा सव्वाशे-दीडशेच्या दरम्यानच बनल्या. त्याखालची वन ऑफ वन हंड्रेड तर फक्त ८. हजारातली एक असं नाव आणि सात लाखांत जेमतेम सव्वाशे-दीडशे, यावरून कळेल किती दुर्मिळ. १९५० मधे एका हॉलिवूड सिनेमाच्या जाहिरातीसाठी अशा बंदुका शोधायची मोहीम निघाली, बऱ्याच सापडल्या, भाव चढले, आणि भाव चढले की कोरणारेही तयार होतात.

खरं-खोटं करायला एक फार चांगली सोय आहे. विंचेस्टरच्या कारखान्याच्या जुन्या वह्या वायोमिंगमधल्या कोडी गावच्या बफेलो बिल सेंटर ऑफ द वेस्टच्या फायरआर्म्स म्युझियमकडे आहेत. नंबर आणि फी दिली की ते पत्र देतात, त्यात ती बंदूक कुठल्या कॅलिबरची, बॅरल गोल की अष्टकोनी, ट्रिगर कुठला, गोदामात कधी आली आणि कधी पाठवली हे वहीत असेल तसं लिहून येतं. १८७३ च्या जवळजवळ सगळ्या नंबरांच्या नोंदी आहेत, मधे काही जागा गाळलेल्या. म्हणजे या गृहस्थांना एवढंच म्हणा की कोडीचं पत्र आणा, मी थांबतो. चेहरा बघण्यासारखा होईल.

आणि त्याआधी बॅरलच्या खाली, रिसीव्हरजवळ बारीक शिक्के बघा. चांदणीखाली पीएन ही अक्षरं किंवा छोट्या चौकटीत दोन अक्षरं दिसली तर ते इटलीच्या गार्दोने इथल्या सरकारी चाचणीचे शिक्के, चौकटीतली अक्षरं वर्षाची. उबेर्तीसारख्या कंपन्यांच्या नकला तिथल्याच. कॅलिबर ४५ कोल्ट असेल तर बोलणंच संपलं कारण मूळ १८७३ रायफल त्या कॅलिबरमधे कधी बनलीच नाही, सिनेमात काहीही दाखवोत. ३५७ मॅग्नम तर १९३० च्या दशकातलं काडतूस. नकली बंदुकांना लोक ॲसिडने म्हातारं करतात पण मग गंज सगळीकडे सारखा दिसतो, आणि खऱ्या बंदुकीला जिथे हात लागायचा तिथे ती झिजलेली असते, खोगिराला जिथे घासायची तिथे वेगळी झिजलेली असते.

प्रश्न : सर, आमच्या आजोबांकडे लायसन्सची एक अमेरिकन रायफल होती, ते मागच्या वर्षी वारले. विंचेस्टर १८९५ असं लिहिलंय आणि ४०५. खाली नळी नाही, ट्रिगरच्या पुढे चौकोनी पेटी आहे. लिव्हर बंद केली तरी वर टिकत नाही, आपोआप खाली लोंबते, आणि दस्ता मागून उकललाय. चुलतभाऊ म्हणतो मोडकी बंदूक आहे, हिला लायसन्स लागत नाही, शोपीस म्हणून ठेव. इथे एक लेथवाला आहे तो म्हणतो दोन दिवसात लिव्हर करून देतो. काय करावं?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : चुलतभावाचं ऐकू नका आणि लेथवाल्याचं तर मुळीच नाही.

आर्म्स अॅक्ट १९५९ च्या कलम ४५ मधे जुन्या किंवा मोडक्या हत्यारांना सूट आहे हे खरं, पण ती अशा हत्याराला जे दुरुस्त करूनसुद्धा बंदूक म्हणून चालणार नाही. तुमच्या पत्रातच तुम्ही म्हणताय की दोन दिवसात दुरुस्त होते, म्हणजे सूट गेली. आणि बंदूक दुरुस्त करायलासुद्धा त्याच कायद्याच्या कलम ५ प्रमाणे लायसन्स लागतं, लेथवाल्याकडे ते नसणार, मग तो पण अडकेल आणि तुम्ही पण. लायसन्सधारक वारल्यावर बंदूक तशीच कपाटात ठेवणं हाच गुन्हा होत जातो, म्हणून आधी पोलीस ठाण्यात किंवा लायसन्स असलेल्या डीलरकडे जमा करा आणि पावती घ्या. पावती जपून ठेवा. मग वारसाच्या नावाने लायसन्सचा अर्ज, वारसाचे कागद आणि बाकीच्या वारसांची ना-हरकत जोडून. अर्ज तुमचा की चुलतभावाचा हे घरात आधी ठरवा, नाहीतर ते प्रकरण बंदुकीपेक्षा लांबतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात, आधी तीन होत्या, तेही लक्षात असू द्या. तुमचं कॅलिबर ४०५ आहे ते एक बरं, हेच मॉडेल ३०३ ब्रिटिशमधे पण बनायचं आणि ३०३ आपल्याकडे प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे सामान्य लायसन्सवर न मिळणारं कॅलिबर, त्याचं काम दिल्लीला जातं.

बंदूक मात्र सुंदर आहे हो. ही पण ब्राउनिंगचीच रचना. विंचेस्टरच्या लिव्हर रायफलींमधे नळीऐवजी पेटीचं मॅगझिन घेतलेली पहिली, त्यामुळे टोकदार गोळ्या चालतात. ४०५ काडतूस १९०४ मधे आलं, ३०० ग्रेनची गोळी, अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट १९०९ ला आफ्रिकेत शिकारीला गेले तेव्हा हीच घेऊन गेले. पहिल्या महायुद्धात रशियाने याच मॉडेलच्या जवळपास तीन लाख बंदुका आपल्या सैन्याला घेतल्या. आजोबांची कुठून आली ते कळायला बॅरलवर विकणाऱ्या दुकानाचं नाव आहे का बघा, कलकत्ता किंवा लंडनचं असू शकतं. इंग्रजी चाचणीचे शिक्के आणि नॉट इंग्लिश मेक अशी अक्षरं असतील तर १९२५ नंतर ती इंग्लंडच्या प्रूफ हाऊसमधून गेलेली आहे, कारण परदेशी बंदुकांवर तो शिक्का मारायची पद्धत तेव्हापासूनची.

दस्ता उकलणं हा या ४०५ चा जुना रोग. धक्का जबर, दस्त्याचा गळा बारीक, आणि टँगचा स्क्रू थोडा जरी सैल राहिला तर लोखंड लाकडात पाचरीसारखं घुसतं. लिव्हर लोंबण्यामागे बहुतेक वेळा तिला वर धरणारी खिटी किंवा तिची स्प्रिंग झिजलेली असते, मोठं काम नाही, पण लायसन्सवाल्या गनस्मिथनेच करायचं आणि तेव्हाच बोल्ट नीट लॉक होतो का तेही तपासून घ्यायचं. जमा करण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा, नंबरासकट. आणि चामड्याच्या कव्हरमधे ठेवून देऊ नका, पावसाळ्यात चामडं ओल धरतं आणि जिथे टेकतं तिथेच गंजवतं. खोबरेल लावलं असेल तर पुसून काढा, ते थंडीत थिजतं आणि नंतर खवट चिकट होऊन बसतं, मशिनचं पातळ तेल घ्या.

प्रश्न : माझ्याकडे विंचेस्टर ९४ आहे, ३०-३०. रिसीव्हरचा रंग जांभळट होऊन पापुद्रे निघतायत आणि एका दुकानाने ब्लूइंग करायला नकार दिला. नंबर २७ लाखांच्या पुढचा. इतकी जुनी बंदूक, काही करता येईल का?
— एक वाचक, टोरांटो

उत्तर : जुनी नाही हो ती, तिथेच घोळ आहे. बॅरलवर १८९४ दिसतं म्हणून लोकांना वाटतं अँटिक. हे मॉडेल न्यू हेवनच्या कारखान्यात २००६ पर्यंत चालू होतं आणि सत्तर लाखांच्या वर निघाल्या. १९६४ ला कंपनीने खर्च कमी करायला आतले बरेच भाग बदलले आणि नंबर २७ लाखांपासून पुढे सुरू केले, म्हणून तुमची त्यानंतरची. त्या काळच्या रिसीव्हरचा धातू वेगळा होता, नेहमीचं ब्लूइंग त्याच्यावर धरतच नाही, म्हणून वर दुसऱ्या धातूचा थर देऊन रंग दिलेला असायचा आणि तोच आता निघतोय. दुकानदाराने प्रामाणिकपणे नाही म्हटलं, त्याच्याकडेच पुढचं काम द्या. चालते चांगली, दिसण्याचं वाईट वाटत असेल तर काळा बेक केलेला रंग देतात तो लावून घ्या, ही काही म्युझियमची वस्तू नाही त्यामुळे इथे माझी हरकत नाही.

प्रश्न : सासऱ्यांनी एक लिव्हर रायफल दिली पण हिला बाहेर घोडाच नाही. डाव्या बाजूला छोटीशी खिडकी आहे आणि आत पितळी चकतीवर आकडा दिसतो. सॅव्हेज १८९९ लिहिलंय आणि ३०३. ३०३ ची काडतुसं तर मुबलक मिळतात ना?
— एक वाचक, ओरेगन

उत्तर : थांबा थांबा! ३०३ सॅव्हेज आणि ३०३ ब्रिटिश ही दोन वेगळी काडतुसं आहेत, नावातल्या आकड्याशिवाय त्यांचा काही संबंध नाही. ब्रिटिशची गोळी जाड असते आणि काडतुसाचं पितळी आवरण पण मोठं. आपल्या लोकांच्या डोक्यात ३०३ म्हटलं की पोलिसांची एनफिल्ड बसलेली असते म्हणून हे ठळक लिहितोय, ब्रिटिश काडतूस सॅव्हेजमधे घालायचा प्रयत्नसुद्धा करू नका. ३०३ सॅव्हेज आता सहज मिळत नाही.

बाकी सासऱ्यांनी मनापासून दिलेली दिसते. आर्थर सॅव्हेज हा जमैकात जन्मलेला माणूस, कारखाना न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका गावात. घोड्याचं काम बोल्टच्या आतच होतं आणि गोळ्या नळीत नाही तर एका फिरत्या चक्रात बसतात, किती उरल्या त्याचा आकडा तुमच्या खिडकीत दिसतो. नळीत गोळ्या एकामागे एक असतात तेव्हा मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर, म्हणजे ते पेटवणाऱ्या टोपीवर, टेकतं, टोकदार असेल तर धक्क्याने ते आतल्या आत उडू शकतं, म्हणून विंचेस्टर आणि मार्लिन या कंपन्यांच्या रायफलवाल्यांना बोथट गोळ्या वापराव्या लागायच्या. सॅव्हेजला तो प्रश्नच नव्हता. आकडा हलत नसेल तर मागचं कारण बहुतेक वाळलेलं ग्रीस, पण त्या चक्राच्या स्प्रिंगला ठरावीक पीळ दिलेला असतो आणि घरी खोललं की तो सुटतो, मग परत तेवढाच पीळ देत बसावं लागतं. नंबर पाठवा, आणि फोटो पाठवताना कृपया दहा फुटांवरून सोफ्यावर ठेवलेल्या बंदुकीचा नको, अक्षरांचा जवळून पाठवा.